चूलबंद आवतन

पांढुर्ण्याहून सौसरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी जो माणूस ओठ हलवत बसलेला असतो, तो जप करत नाही. रोजचे प्रवासी त्याला मोठा भक्त समजतात. जामसांवलीचा फाटा आला की बाकीचे हात जोडतात आणि याचे ओठ चालूच, मग दुसरं काय समजणार! एका म्हातारीनं तर एकदा त्याच्याच पायाला हात लावला होता. पण प्रफुल्ल त्या वेळी फार तर एवढंच घोकत असतो, की 'साहेब, कालचं काम झालं, आज कोणतं देता?' सौसरच्या एका सरकारी कार्यालयात तो कॉम्प्युटरवर बसतो, आणि साहेबांशी बोलायचं हे वाक्य घरून तयार करून आणतो. साहेब म्हणणार, 'टेबलावर आहे, घ्या.' हा म्हणणार, 'हो साहेब.' झालं, संपलं. पण साहेबांनी भलतंच विचारलं, 'काय प्रफुल्ल, चहा झाला का?' एवढं जरी, की गडी गारद. मग दिवसभर डोक्यात तोच चहा. झाला म्हणायला हवं होतं का? नाही म्हटलं असतं तर त्यांनी मागवला असता का? मागवला असता तर पिताना काय बोलायचं होतं? संध्याकाळच्या बसमध्ये ओठ हलतात ते या चहापायी.

म्हणजे सकाळी तालीम आणि संध्याकाळी उजळणी. मधल्या वेळात खरं बोलणं होतं ते असं दोन-तीन शब्दांचं, आणि तेही बहुतेक वेळा 'काही नाही' एवढंच. चाळिशीला टेकला तरी हे सुटलं नव्हतं. पोरगं बोलत नाही म्हणून लहानपणी आईनं, वच्छलाबाईंनी, शनिवारच्या शनिवार त्याला जामसांवलीला नेलं, मारुतीपुढे बसवलं. बिचाऱ्या मारुतीला काय माहीत, की हे पोरगं आत अखंड बोलतच असतं!

आता मुद्द्यावर येतो. प्रफुल्लची बहीण अमिता हिचं लग्न ठरलं होतं, आणि त्या लग्नाचं एक आवतन प्रफुल्लला द्यायचं होतं.

आवतन म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आम्ही पत्रिका छापतो, मोबाइलवर टाकतो, पण ती सगळी शोभा. खरं बोलावणं तोंडी. घरातल्या माणसानं दारात यावं, अक्षता द्याव्यात आणि तोंडानं म्हणावं. त्यातही प्रकार आहेत. नुसतं 'या जेवायला' म्हटलं तर घरातला एक जण जातो. 'चूलबंद आवतन आहे' म्हटलं, की त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळ्यांनी यायचं. आणि आवतनच दिलं नाही, तर सख्खा भाऊ असला तरी येत नाही. पंगतीचा वास नाकापर्यंत आला तरी घरी बसून भाकर खाईल, पण येणार नाही.

इथे प्रश्न सख्ख्या भावाचाच होता. वच्छलाबाईंचा एकुलता एक भाऊ मोरेश्वर, म्हणजे प्रफुल्लचा मामा, रामाकोन्याला राहतो. संत्र्याचा बगीचा आहे. बहीण-भावाचं बोलणं काही वर्षांपासून बंद होतं, आणि लग्नात नवरीला मांडवात आणणार कोण? मामा. आंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभा राहणार कोण? मामा.

"सख्खा मामा जिता असून माह्या पोरीले दुसरा कोणी मांडवात नेईन?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग लगन तरी काऊन करायचं? कोर्टात सह्या करा न, अन् या घरी!"

त्यांनी भावाच्या सुनेला, तृप्तीला, चोरून फोन केला. तृप्तीनं सासऱ्याला विचारलं. उत्तर आलं ते असं: "पत्रिका तं पोस्टमन बी देते. ज्यानं घड्याळ हलवलं, त्यानं यावं. आपल्या तोंडानं म्हणावं. मंग पाहू."

घड्याळ हलवणारा म्हणजे आमचा प्रफुल्ल.

झालं होतं ते असं. मामी गेली त्या दिवशी हे सगळे रामाकोन्याला गेले. प्रफुल्लनं बसमध्ये वाक्य तयार केलं होतं, 'मामा, फार वाईट झालं.' चांगलं वाक्य होतं. पण घरात पाय ठेवला तर रडारड, माणसांवर माणसं, उदबत्तीचा धूर, कोणी त्याला धरून ओढतंय, कोणी गळ्यात पडतंय. वाक्य कुठल्या कुठे गेलं. त्याला काहीच सुचेना, श्वास घेता येईना, आणि त्या गोंधळात त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. दहा मिनिटं पुढे. त्या अख्ख्या खोलीत त्याला नीट करता येईल अशी ती एकच गोष्ट होती. तो स्टुलावर चढला, घड्याळ काढलं, काटा मागे घेतला आणि परत टांगलं. मामीजवळ बसलेली माणसं रडायची थांबली आणि वर बघायला लागली. आपण घरच्यांना मदत केली असं त्याला वाटत होतं.

ते घड्याळ मामीनं जन्मभर दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. मामाची बस चुकायची म्हणून.

"उतर खाली," मामा एवढंच म्हणाला. मग सगळ्यांसमोर वच्छलाबाईंना म्हणाला, "वच्छे, ह्या पागलाले घेऊन जा इथून."

वच्छलाबाई पोराचा हात धरून उठल्या त्या उठल्याच. माझ्या पोराला पागल म्हणणाऱ्याचं तोंड बघणार नाही म्हणाल्या, आणि नाही बघितलं. प्रफुल्लला हे सगळं ठाऊक होतं. आईनं भाऊ सोडला तो आपल्यासाठी, हे त्याला बोचत होतं, रोज बोचत होतं. त्या घड्याळाची माफी त्यानं मनातल्या मनात मामाजवळ इतक्यांदा मागितली होती, की खऱ्यात तेवढ्यांदा मागितली असती तर मामा कंटाळून गाव सोडून गेला असता.

अमिता नागपूरला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. तिनंच त्याला मागल्या वर्षी तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले, आणि ऑटिझम असं नाव सांगितलं. आजार नाही म्हणाल्या, मेंदूची ठेवणच अशी असते. बोलण्याची आधी तालीम करणं, नंतर तेच तेच आठवत राहणं, असं पुष्कळांचं होतं. प्रफुल्ल परतीच्या बसमध्ये सौसर येईपर्यंत गप्प होता. मग एकदम म्हणाला, "अमे, मनातलं बोलणं अन् खरं बोलणं, मागून आठवलं तं सारखंच वाटते. कोणतं खरं झालं, हे कसं ओळखायचं?"

अमिता हसली. "सोपं आहे दादा. खऱ्यातला माणूस तुह्या मनासारखं बोलत नाही."

तर असा हा माणूस, आणि त्याच्यावर आवतनाची जबाबदारी. बाप हयात नाही, घरातला कर्ता पुरुष तोच. पत्रिका छापून आल्या त्या दिवसापासून त्याची तालीम सुरू झाली. 'मामा, अमिताचं लगन आहे, चूलबंद आवतन आहे.' की आधी 'कसे आहात' विचारायचं? की आधी घड्याळाची माफी? माफी आधी मागितली आणि मामा उठून गेला तर आवतन राहील. आवतन आधी दिलं तर मामा म्हणेल, माफी कुठी आहे? ऑफिसात, बसमध्ये, अंघोळ करताना, जेवताना तेच. वरण वाढू का विचारलं तर म्हणाला, "चूलबंद." वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला.

मनातला मामा मात्र छान होता. ओसरीवर बसलेला असायचा, पांढरं स्वच्छ धोतर, खांद्यावर दुपट्टा, आणि प्रत्येक तालमीच्या शेवटी म्हणायचा, 'येतो रे बाप्पा, येतो.'

रविवारी तो रामाकोन्याला गेला आणि दुपारी परत आला. वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या.

"देल्लं आवतन?"

"देल्लं."

"चूलबंद म्हटलं?"

"म्हटलं."

"मंग? काय म्हणाला थो?"

"येतो रे बाप्पा, येतो, म्हणाला."

वच्छलाबाई मटकन पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. मग उठल्या त्या अशा उठल्या, की गल्लीत एक घर सोडलं नाही. माझा भाऊ येऊन राहिला! शेजारणीला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, मंगल कार्यालयाच्या वॉचमनला सांगितलं. "एकदा फोन करून पाहा न," अमिता म्हणाली तर तिच्यावरच उखडल्या. "पोरानं तोंडानं आवतन देल्लं, त्याच्यावर फोन कायले? माह्या पोरावर भरोसा नाही का मले?" आणि प्रफुल्लच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात आईनं कधी फिरवला होता ते त्याला आठवेना. त्या आठवड्यात प्रफुल्ल बसमध्ये ओठ न हलवता बसला. खिडकीतून कपाशी बघत गेला. एवढं सुख त्याला कधी झालं नव्हतं.

हळदीच्या दिवशी घर माणसांनी भरलं. वच्छलाबाईंनी मामाच्या मानाचा आहेर सगळ्या बायकांसमोर उघडून दाखवला. टॉवेल, टोपी, आणि रुंद काठाची पांढरीशुभ्र धोतरजोडी.

"माह्या भावाले बाजारातलं सगळ्यात भारी धोतर आणलं," त्या म्हणाल्या.

प्रफुल्ल तिथेच खुर्च्या मोजून मांडत होता. चूक दिसली की बोलायची सवय जात नाही, तो बोलून गेला, "आई, मामा धोतर नेसत नाही आता."

"काहून? मामी गेली तवा तं धोतरच होतं."

"आता निळी ट्रॅक पँट घालते. बाजूनं पांढरी पट्टी आहे."

बायका खो खो हसल्या. मोरेश्वर पाटील अन् ट्रॅक पँट! वच्छलाबाईही हसल्या. हसला नाही तो प्रफुल्ल. त्याच्या हातातली खुर्ची तशीच हातात राहिली.

कारण त्याला आवतन दिल्याचं आठवत होतं, मामा 'येतो रे बाप्पा' म्हणाल्याचं आठवत होतं, आणि त्या आठवणीतल्या मामाच्या अंगावर धोतर होतं.

तो मागच्या अंगणात गेला, टाकीशी उभा राहिला आणि त्यानं रविवार पहिल्यापासून आठवून काढला. मामा ओसरीवर नव्हता, अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर होता. निळी ट्रॅक पँट. समोर संत्र्यांचे क्रेट. 'बस,' म्हणाला. तृप्तीनं चहा दिला. हा म्हणाला, 'मामा,' आणि तेवढ्यात आत तृप्तीनं मिक्सर लावला. हा मिक्सर थांबायची वाट बघत राहिला. मिक्सर थांबला, तेव्हा मामा म्हणाला, 'बस गेली तं दुसरी लवकर नाही.' हा उठला. पत्रिका आणि अक्षतांची पुडी क्रेटवर ठेवली. फाट्यावर आला, बस मिळाली, खिडकी मिळाली. आणि मग बसमध्ये, मामा, चूलबंद आवतन आहे. येतो रे बाप्पा, येतो.

दिलंच नव्हतं. अरे देवा, दिलंच नव्हतं! एक शब्द, फक्त 'मामा' एवढा एक शब्द तो बोलला होता, आणि बाकीचं सगळं लग्न त्या एका शब्दावर उभं होतं.

आईला सांगायला हवं होतं, आत्ता, या क्षणी. पण आईला सांगायचं म्हणजे वाक्य लागणार. 'आई, मी आवतन दिलं नाही.' मग आई म्हणणार, दिलं म्हणाला होतास ना? मग हा म्हणणार, मला वाटलं दिलं. मग आई म्हणणार, वाटलं म्हणजे? त्यापुढचं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान आपण खोटं बोलतोय हे त्याला ठाऊक असतं. हा खरं समजून बोलला होता, आणि हे जगात कोणाला समजावून सांगणार? तो न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसला आणि ते पुढचं वाक्य शोधत राहिला. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या. आई मधूनच मोठ्यानं सांगत होती, सकाळी माझ्या भावाला पहिला चहा द्यायचा. प्रत्येक वेळी याचं जुळत आलेलं वाक्य मोडत होतं.

अमितानं दार वाजवलं. "दादा, कुठी लपून राहिला? तुले हळद लावाची राहिली न." त्यानं दार उघडलं. तिनं त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. "काय झालं रे?"

तिचा चेहरा पिवळा, आनंदी. सांगायची हीच वेळ होती. त्यानं तोंड उघडलंही.

"काही नाही," तो म्हणाला.

ती रात्र त्याची कशी गेली ते मी सांगत नाही. सकाळी मंगल कार्यालयात नाश्त्याची धांदल सुरू असताना त्यानं मावसभावाच्या बाइकची किल्ली उचलली, आईला नुसतं "येतो" म्हणाला आणि निघाला. मुहूर्त दुपारचा. पांढुर्णा ते रामाकोना आणि परत, पोचला तर पोचला.

थंडी मरणाची होती. आज तालीम करायची नाही असं त्यानं पांढुर्ण्यातच ठरवलं होतं, पण ओठ थोडेच ऐकतात! हेल्मेटच्या आत बोलून बोलून काच वाफेनं पांढरी झाली, आणि सौसरच्या अलीकडे ट्रकखाली जाता जाता वाचला. मग त्यानं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. वारा तोंडात शिरला की बोलता येत नाही, तेवढाच आराम. मनातला मामा तरी येतच होता, धोतर नेसून, हसतमुख. प्रफुल्लला त्याचा राग आला. भर रस्त्यात तो ओरडला, "तू गप्प बस न बे!" बाजूनं सायकलवर जाणारा माणूस दचकून खाली उतरला.

मामाच्या दारात पोचला तेव्हा मामा ओसरीवर बसला होता. निळी ट्रॅक पँट, वरून स्वेटर. आत गॅसवर तवा, तृप्ती भाकरी थापत होती, आणि वांग्याच्या भाजीचा वास बाहेरपर्यंत येत होता. या घरात चूल पेटली होती. म्हणजे ही माणसं येणार नव्हती. ते बघून प्रफुल्लचा उरलासुरला धीर गेला.

त्यानं दारातून आतल्या भिंतीकडे पाहिलं. घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे होतं. मामानं काटा परत होता तिथे नेला होता. 'घड्याळ पुढं आहे' हे शब्द प्रफुल्लच्या जिभेवर आले, अगदी दातांपर्यंत आले. त्यानं तोंड गच्च मिटून ते आत ढकलले. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"काय झालं?" मामा म्हणाला.

"मामा, मी आवतन देल्लंच नाही," प्रफुल्ल म्हणाला. हे वाक्य त्यानं कुठेच तयार केलं नव्हतं. "घरी सांगितलं देल्लं. मले वाटलं देल्लं. मनात देल्लं होतं. तोंडानं नाही."

तृप्ती पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"मालूम आहे मले," मामा म्हणाला. "मीच होतो न तवा समोर. तू आता बोलशीन, मंग बोलशीन, वाट पाहून राहिलो होतो. तू आवतन देशीन तं मी काय काय सुनावीन, सगळं तयार होतं माह्याजवळ. तू तं चहा पेला अन् गेला." तो तृप्तीकडे वळला. "काय म्हणाली होती तू?"

"बाबा अर्धा घंटा त्या रिकाम्या खुर्चीले बोलून राहिले होते," तृप्ती म्हणाली.

प्रफुल्लनं मामाकडे पाहिलं. आई चिडली की म्हणायची, मामावर गेला आहेस. ते नाकाबद्दल आहे असं त्याला आजवर वाटत होतं.

"मंग दे न आता," मामा म्हणाला. "आलाच आहे तं."

आणि आता काहीच येईना. इतके दिवस घोकलेलं एकही वाक्य सापडेना. अक्षता तो आणायलाच विसरला होता. नुसताच हात पुढे करून उभा राहिला, भीक मागितल्यासारखा. "अमिताचं लगन," तो म्हणाला. "आज आहे. दुपारी. सगळे या. चूल. चूलबंद आहे, मामा."

'येतो रे बाप्पा' येईल म्हणून तो थांबला. ते आलं नाही.

मामानं मान न वळवता आवाज दिला, "तृप्ते, गॅस बंद कर."

तव्यावरची भाकर अर्धी कच्ची होती. तृप्तीनं एकदा भाकरीकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. प्रफुल्लच्या कोणत्याही तालमीत गॅस नव्हता, तवा नव्हता, अर्धी भाकर नव्हती. हे खरंच झालं होतं. त्याला तिथेच हसू फुटलं, आणि ते रडण्यासारखं दिसलं असावं, कारण मामा म्हणाला, "पुरे आता. तुह्या मामीच्या घड्याळानं निघू, म्हंजे वक्तावर पोचू."

तृप्ती लेकराला घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीनं येणार होती. मामा पँट-शर्ट चढवून बाइकवर मागे बसला. आता माफी मागायची, प्रफुल्लनं ठरवलं, सौसर गेलं की मागायची. सौसर गेलं. जामसांवलीचा फाटा गेला. आरशात त्याला मागे मामाचा चेहरा दिसत होता. मामाचे ओठ हलत होते. वाऱ्यात ऐकू काही येत नव्हतं. प्रफुल्लनं आरसा थोडा वळवला आणि पांढुर्णा येईपर्यंत दोघंही एक शब्द बोलले नाहीत.

कार्यालयाच्या दारात वच्छलाबाईंनी भावाला पाहिलं. "उशीर केला," त्या म्हणाल्या आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून लगेच हुकूम सोडला, "आधी कपडे बदल. पँटीत मांडवात उभा राहते का कोणी!" पोरी टाळ्या पिटत होत्या, मामा आला, मामा आला. पाच मिनिटांत मामा खोलीतून बाहेर आला.

पांढरं स्वच्छ धोतर. खांद्यावर दुपट्टा.

हा तर तो होता, प्रफुल्लच्या मनातला, बसमधला.

मामानं अमिताला मांडवात आणलं. मंगलाष्टकं सुरू झाली. लोक अक्षता टाकत होते, बँडवाले तयारीत उभे होते. प्रफुल्लच्या मुठीत अक्षता घामानं भिजल्या होत्या आणि डोक्यात सकाळ पहिल्यापासून सुरू झाली होती. 'सगळे या' म्हटलं की 'सगळे येजा'? हात कोणता पुढे केला होता? शेवटचं 'सावधान' झालं, बँड फुटला, माणसं एकमेकांवर लोटली, आणि त्या गर्दीत मामा त्याच्याजवळ आला. धोतराचा सोगा हातात धरून वाकला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "त्या घड्याळाचं मनात नोको ठेवू रे बाप्पा. मी कवाच सोडलं."

प्रफुल्लला वाटलं, आपल्या छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलला. तो काही बोलणार तेवढ्यात फोटोवाल्यानं मामाला ओढून नेलं.

आणि मग तो विचारात पडला. बँडच्या त्या आवाजात ऐकू कसं आलं? मामा धोतरात होता. बोलला ते अगदी मनासारखं बोलला. कितीतरी वर्षं याला जे ऐकायचं होतं, अगदी तेच, 'बाप्पा'सकट. खऱ्यातला माणूस तुझ्या मनासारखं बोलत नाही, अमितानं सांगितलं होतं. इतके दिवस निदान पँट तरी होती ओळखायला. आईनं तीही काढून ठेवली.

पंगतीला मामा त्याच्या शेजारीच बसला. वरण, भात, जिलेबी, वांग्याची भाजी. मामा मान खाली घालून जेवत होता. विचारलं की झालं. 'मामा, मघाशी तुम्ही मले काही म्हटलं का?' एवढंच विचारायचं. पण मामा म्हणाला, 'कधी?' तर? 'घड्याळाचं' म्हणावं लागेल. आणि मामानं ते म्हटलं नसेल, तर आजच्या दिवशी, भरल्या पंगतीत, मामीचं घड्याळ पुन्हा एकदा यानंच हलवलं असं होईल. आणि म्हटलं असेल, तर मामाला वाटेल, याला ऐकूच गेलं नाही. मग मामा काय म्हणेल? मग हा काय म्हणेल? पानातल्या भातावरचं वरण गार झालं.

मामाचा घास हातातच थांबला. तो प्रफुल्लच्या तोंडाकडे बघत होता.

"काही म्हणून राहिला का रे?"

"काही नाही, मामा," प्रफुल्ल म्हणाला. एवढं मात्र तो तोंडानं म्हणाला.